फ्रिज पुन्हा पुन्हा थंड करायचा थांबतो? आधी तो किती दिवसांनी थांबतो ते लिहून ठेवा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरातला एकदारी फ्रिज सलग तीन वर्षं मे महिन्यातच रुसला. तिन्ही वेळा मेकॅनिक आला, मागे वाकून बघितल्यासारखं केलं, "गॅस संपलाय" म्हणाला आणि गॅस भरून पैसे घेऊन गेला. जूनमध्ये पाऊस पडला की फ्रिज झकास चालायचा, त्यामुळे आम्हालाही वाटायचं की गॅसनेच गुण आला. चौथ्या वर्षी नेहमीचा माणूस गावाला गेलेला, म्हणून शेजारच्या अक्कांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना पाठवलं. त्यांनी पिशवीतला पाना बाहेरसुद्धा काढला नाही. फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे बघितलं आणि मलाच विचारलं, "गॅस म्हंजे काय पेट्रोल हाय का वो, जळून संपायला?"

मागच्या काळ्या जाळीवर रुईचा थर बसला होता. आमच्या घराला लागून यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. दिवसभर रुई उडते, खिडकीतून येते आणि जिथे थोडी ऊब आणि थोडा चिकटपणा मिळेल तिथे बसते. फ्रिजच्या मागे दोन्ही असतं. मिस्त्रींनी एक कोपरा धरून ओढला तर घोंगडीसारखा अखंड तुकडा निघाला. "हितं तर टॉवेलच विणलाय की," म्हणाले. प्लग काढून, जुन्या रंगाच्या ब्रशने वीस मिनिटं झाडलं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. रात्री बर्फ धरला होता.

तेव्हापासून ओळखीत कुणाचा फ्रिज बिघडला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: किती दिवसांनी बिघडतो? "थंड होत नाही" ही तक्रार दहा दुखण्यांची सारखीच असते. पण दर मे महिन्यात, दर दहा दिवसांनी, दर पाच-सहा महिन्यांनी, रोज संध्याकाळी, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत, आणि गॅसशी संबंध त्यातल्या एकाचाच.

गॅसचं आधी संपवू. फ्रिजमधला गॅस बंद नळीत फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, केसासारख्या बारीक नळीतून फ्रीझरकडे जातो, तिथे उकळून आतली उष्णता शोषतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. यात कुठेही तो खर्च होत नाही. नळी शाबूत असेल तर कारखान्यात भरलेल्या गॅसवर फ्रिज पंधरा-वीस वर्षं चालतो. कमी झाला असेल तर भोक आहे, आणि भोक न शोधता भरला तर तो पुन्हा जाणार. आमच्याकडे गॅस भरल्यावर बरं वाटायचं त्याची कारणं साधी होती: त्या गडबडीत फ्रिज अर्धा दिवस बंद राहून साचलेला बर्फ वितळायचा, आणि आठवड्याभरात हवा बदलायची.

मेकॅनिकला फोन करण्याआधी स्वतः करता येईल अशी एक परीक्षा. कॉम्प्रेसर चालू असताना, पंधरा-वीस मिनिटांनी, मागच्या जाळीला हाताचा मागचा भाग लावून बघा. नव्या फ्रिजला मागे जाळी दिसत नाही, तिथे दोन्ही बाजूंचे पत्रे बघा, कारण नळी त्यांच्या आत असते. चांगलं गरम लागलं तर गॅस फिरतोय, दुखणं दुसरीकडे आहे. कॉम्प्रेसर घुमतोय पण जाळी गारच, तर मग गॅस किंवा कॉम्प्रेसरचं पंपिंग यावर शंका घ्यायला जागा आहे. (बाजूचे पत्रे तापतात म्हणून घाबरून फोन करणारे पुष्कळ भेटतात. ते तापायलाच हवेत.)

दर मे महिन्यात बिघडणारा फ्रिज

फ्रिज थंडी बनवत नाही, आतली उष्णता उचलून खोलीत टाकतो. टाकण्यासाठी जाळी खोलीपेक्षा गरम असावी लागते. खोली २५ अंशांवर असताना हे सोपं असतं. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४३च्या पुढे जातो, आणि वर पत्रा असलेल्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त. तिथे जाळीला साठीच्या आसपास तापावं लागतं, तेव्हा कुठे उष्णता बाहेर पडते. अशात तिच्यावर रुईचं पांघरूण असेल तर संपलंच.

फ्रिजच्या आत किंवा मागे एक स्टिकर असतो, त्यावर हवामान वर्गाची अक्षरं छापलेली असतात. 'एन' असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाचा फ्रिजसुद्धा आपल्या मे महिन्यात परीक्षेच्या काठावर असतो. नवा घेताना दाराचा रंग बघण्याआधी हे अक्षर बघा.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. मागे वीतभर आणि बाजूला तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा. फ्रिज पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला किंवा शेगडीशेजारी नको. जाळी वर्षातून दोनदा झाडा. मागांच्या वस्तीत राहत असाल तर दर दोन महिन्यांनी. आणि एक विनंती: फ्रिजवर चादर पांघरू नका. आपलं गाव चादरीचं, घरात चादरींना तोटा नाही हे मान्य, पण बाजूच्या पत्र्यांवरून खाली सोडलेली चादर म्हणजे मे महिन्यात माणसाला रजई. बाजूच्या फटीत घडी करून खोचलेल्या चटया, पाट, रद्दी हेही तसंच.

आता कूलर. कूलरची ओली हवा थेट फ्रिजवर येत असेल तर दार उघडलं की तीच हवा आत जाते आणि तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे एरवी बर्फ कमी धरायला हवा. पण ज्या घरात कूलर त्याच खोलीत असतो तिथे फ्रीझर आठवड्यात बर्फाने बुजतो. बर्फ जास्त म्हणजे थंडी जास्त, असा समज आहे. उलट आहे. बर्फाचा थर जाड झाला की तो मधे गादीसारखा अडतो. एकदारी फ्रिजमध्ये थर बोटाच्या निम्म्याएवढा जाड दिसला की नॉबच्या मधलं बटण दाबून वितळवा. सुरीने खरवडू नका. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या आतच गॅसची वाट आहे. सुरीचं टोक लागलं की फुस्स असा आवाज येतो आणि मग मात्र गॅस खरोखरच जातो.

नळाला पाणी आलं की

हे वेळापत्रक मला ओळखायला वर्ष लागलं. मावशी म्हणायची, "आमचा फ्रिज चार दिवस चांगला, एक दिवस ढिला." आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आलं की ती सगळ्या बाटल्या धुऊन, भरून, एकदम फ्रिजमध्ये लावायची. बारा लिटर. टाकीतलं ३५ अंशांचं पाणी ८ अंशांवर आणायचं तर साधारण साडेतेराशे किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. घरगुती फ्रिजची उचलण्याची ताकद सव्वाशे वॅट धरली तर न थांबता तीन तास फक्त पाण्यासाठीच गेले, आणि तेही कुणी दार उघडलं नाही तर. त्या काळात दूध, दही, कालचं पिठलं सगळं कोमट. फ्रिजला काही झालेलं नव्हतं. बाटल्या चार-चार करून, रात्री ठेवायला सांगितल्या. माठ तर दारात आहेच.

दर दहा-बारा दिवसांनी बिघडणारा फ्रिज

हे दुखणं दोन दारांच्या, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रिजचं. यात लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा थांबून सांगतो.

माझी बहीण जुळे सोलापुरात राहते. तिच्या फ्रिजची तऱ्हा अशी: वरचा फ्रीझर ठीक, आइस्क्रीम घट्ट, पण खाली दूध नासतं. मेकॅनिक येतो, फ्रिज बंद ठेवायला सांगतो, दुसऱ्या दिवशी काहीतरी खुडबुड करतो, फ्रिज चालू. दहा-बारा दिवस उत्तम. मग पुन्हा तेच. एकाने गॅस भरला, एकाने थर्मोस्टॅट बदलला, तिसऱ्याने कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं आणि नव्या फ्रिजची भाषा काढली. दाजी पैसे काढायच्या तयारीत होते.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडी बनवणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड लपलेली असते. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा ओढून फ्रीझरमध्ये आणि एका वाटेने खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर बर्फ धरतोच. म्हणून दिवसातून एक-दोनदा कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर चालू होतो, बर्फ वितळून पाणी मागच्या नळीने खाली ट्रेमध्ये जातं. हे आपल्याला कळतही नाही. हा हीटर पेटायचा थांबला की बर्फ थोडा थोडा साचत जातो, आणि दहा-बारा दिवसांत कॉइल बर्फाच्या विटेत गाडली जाते. हवा जाणार कुठून? आधी खालचा कप्पा उपाशी राहतो, मग फ्रीझरही. कधी पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर येते. फ्रिज एक दिवस बंद ठेवला की वीट वितळते, आणि त्या दिवशी मेकॅनिकने जे काही बदललं असेल त्याला श्रेय मिळतं.

परीक्षा सोपी आहे आणि फुकट आहे. सामान शेजारी ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाका, खाली जुने टॉवेल पसरा (हे तरी आपल्याकडे सापडतात). पूर्ण चोवीस तास. घाईत केस वाळवायचं मशीन आत धरू नका, आतलं प्लास्टिक वाकतं. मग चालू करा आणि तारीख लिहा. फ्रिज आठ ते पंधरा दिवस नीट चालून पुन्हा तसाच झाला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत आहे. दोन-तीन दिवसांतच झाला, तर दार नीट लागत नसावं किंवा पंखा मेलेला असावा. एकही दिवस नीट चालला नाही, तर पुढे गॅसचा मुद्दा येतो तिकडे जा.

वितळवणाऱ्या यंत्रणेत तपासायच्या गोष्टी मोजक्या. हीटरची तार तुटते. मल्टिमीटरवर काहीशे ओहम दिसायला हवेत, काहीच दिसलं नाही तर गेला. त्याच्या वाटेत एक थर्मल फ्यूज असतो, तो एकदा उडाला की उडालाच. तिसरा बायमेटल, म्हणजे कॉइल पुरेशी तापली की हीटर तोडणारा छोटा स्विच. इथे नवख्या मेकॅनिकची गफलत होते: बायमेटल थंडीतच जुळतो. टेबलावर ठेवून, सोलापूरच्या खोलीत, तो मल्टिमीटरला तुटलेलाच दाखवणार. त्याला बर्फात पुरून मग मोजायला हवं. जुन्या फ्रिजमध्ये चौथा टायमर असतो, नव्यात त्याचं काम सेन्सर आणि बोर्ड करतात. बहिणीच्या फ्रिजचा थर्मल फ्यूज उडाला होता. सुटा भाग काही शे रुपयांचा. मात्र फ्यूज का उडाला हेही बघावं लागतं. तिच्याकडे बायमेटल चिकटून बसला होता, हीटर वेळेवर बंदच होत नव्हता, म्हणून दोन्ही बदलले. नुसता फ्यूज जोडून दिला असता तर तो पुन्हा उडाला असता. आणि काही जण करतात तसं फ्यूज काढून थेट तार जोडू देऊ नका. तो फ्यूज हीटरने प्लास्टिक पेटू नये म्हणून आहे.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर बहुधा वितळलेलं पाणी खाली नेणारी तीच नळी तुंबलेली असते. कोथिंबिरीची पानं, बुरशी, कधी बर्फ. कोमट पाणी पिचकारीने सोडलं की मोकळी होते. तार खुपसू नका.

रोज संध्याकाळी, किंवा लाईट जाऊन आल्यावर

फ्रिजमागून दर तीन-चार मिनिटांनी 'टक्' येतं, कॉम्प्रेसर क्षणभर हुंकारतो, पुन्हा 'टक्', आणि गप्प. कॉम्प्रेसर उठायला बघतोय आणि उठता येत नाहीये. ओव्हरलोड नावाचा सुरक्षा स्विच त्याला जळण्याआधी तोडतोय. लाईट गेली आणि अर्ध्या मिनिटात परत आली तर हे होणारच, कारण नळीच्या एका बाजूला दाब अजून तसाच असतो. तो समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून लाईट गेली की फ्रिजचं बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा, किंवा असा वेळ सोडणारा स्टॅबिलायझर घ्या. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी होत असेल तर तेव्हाचा व्होल्टेज मोजून घ्या, मेकॅनिकच्या आधी वायरमनला बोलवा. व्होल्टेज ठीक असून 'टक् टक्' थांबत नसेल तर कॉम्प्रेसरच्या कुशीला लावलेला, त्याला सुरू व्हायला मदत करणारा रिले बघायचा. तो काढून कानाशी हलवला आणि आत खडखडलं तर फुटलाय. स्वस्त भाग आहे. रिले न बघताच कॉम्प्रेसर गेला म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. पाल आत शिरून रिलेजवळ जळालेलीही मी पाहिली आहे. वास कुठून येतोय ते दोन दिवस कळलं नव्हतं.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजला हा रिले नसतो, त्याला बोर्ड असतो आणि बिघाड झाला की दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा ते मोजून सांगा. आणि इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे घरातल्या बॅटरीवर चालणारा फ्रिज नव्हे. या नावाने निम्मं गाव फसलंय.

पाच-सहा महिन्यांनी

आता गॅस. जाळी गार, फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कोरडं, आणि गॅस भरला की चार-सहा महिने चालून पुन्हा तेच: ही गळती. इथे मेकॅनिकला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून गळती शोधणार का? फिल्टर नवा टाकणार का? व्हॅक्यूम पंप लावणार का? गॅस वजन करून भरणार का? कॉम्प्रेसरजवळच्या किंवा मागच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. आर ६०० ए असेल तर ते बहुतेक पन्नासेक ग्रॅमच असतात, तिथे अंदाजाने भरणं म्हणजे दहा ग्रॅम इकडे-तिकडे होऊन सगळं बिघडणं. हा गॅस पेट घेतो. तो नळीत असताना जवळ नळी जोडायची ज्योत पेटवणाऱ्याला घरात येऊ देऊ नका. खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद हवी. गळती पत्र्याच्या आतल्या नळीत असेल तर ती दुरुस्त होत नाही, मागे बाहेरून नवी जाळी बसवतात. ते दिसायला ओबडधोबड, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात उलट बरं चालतं असा माझा अनुभव.

बाकी किरकोळ. दारात दहाची नोट अडकवून ओढा. अलगद निघाली तर रबर ढिलं आहे. ते साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, वाकलं असेल तर गरम पाण्याचा कपडा दाबून सरळ करा, आणि पुढचे पाय किंचित उंच करा म्हणजे दार आपोआप लागेल. आतला दिवा विझतो का हे बघायला मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि दार लावा. पत्र्याला झिणझिण्या येत असतील तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या; आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, अर्थिंग नावापुरती उरते. फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे आठवड्याला रिकामा करून घासा, डेंग्यूच्या डासांना तो फार आवडतो.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा. ज्या दिवशी ढिला वाटला ती तारीख, त्या दिवशी पाणी आलं होतं का, लाईट गेली होती का, एवढंच लिहा. आत वाटीभर पाण्यात थर्मामीटर ठेवून सकाळचा आकडा लिहिलात तर फारच छान; ४ अंशांच्या आसपास हवा. मग फोनवर "फ्रिज थंड करत नाही" म्हणू नका. असं सांगा: "दोन दारांचा आहे, कॉम्प्रेसर चालू आहे, बाजूचे पत्रे गरम आहेत, वर बर्फ आहे, खाली पंधरा अंश आहे, आणि चोवीस तास बंद ठेवल्यावर अकरा दिवस चालला." पलीकडचा माणूस जाणता असेल तर येतानाच फ्यूज आणि बायमेटल खिशात घालून येईल. आणि एवढं ऐकूनही तो "गॅस बघावा लागेल" म्हणाला, तर दुसरा नंबर लावा.